चोवीस किलो फराळ

खंडेरावांच्या घरी यंदा फराळ करायचा नव्हता, आणि म्हणूनच आख्ख्या गल्लीत सगळ्यात जास्त फराळ त्यांच्या घरी जमला. रीतच तशी आहे. ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलेलं असतं, तिथे सणाला कढई चढत नाही. मग भाऊबंद आणि शेजारीपाजारी आपापल्या घरचं ताट आणून देतात. खंडेरावांची बायको, लेक योगिनीची आई, भाद्रपदात गेली, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. दिवाळीत सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत अकरा घरचा फराळ येऊन पडला. खंडेरावांची थोरली बहीण लंकाबाई लासलगावहून आल्या त्या एकट्याच पाच किलो लाडू आणि तेवढीच शेव घेऊन.

"पोरीला खाऊ घाल," त्या म्हणाल्या. "निम्मी झालीय. आन् तू बी खात जा खंडू. आरशात बघ, नुसता सांगाडा ऱ्हायलाय."

खंडेरावांनी मान हलवली. आरशात ते दाढीपुरतंच बघत. बायको गेल्यापासून त्यांचं वजन सहासष्टावरून अठ्ठावन्नावर आलं होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांची काळजी वेगळी होती. योगिनी ज्युदो खेळायची, बावन्न किलोच्या गटात. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी निवड चाचणी होती. त्यात पहिल्या दोन आलेल्या मुलींना पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. तिथे राहणं, जेवण, कॉलेज, सराव, सगळं त्यांच्याकडे. तो अर्ज तिच्या आईने दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने भरला होता. तिच्या हातचा तो शेवटचा कागद. आता काही झालं तरी पोरगी पुण्याला गेलीच पाहिजे, एवढंच खंडेरावांनी मनाशी धरलं होतं. आणि घरात तर लाडू, करंज्या, चकल्या, शेव आणि चिवडा यांचा डोंगर उभा होता.

हा डोंगर हलवायचा कसा? आलेलं ताट नाकारता येत नाही, देणाऱ्याचा जीव दुखावतो. टाकून देता येत नाही, अन्न आहे. परतीच्या ताटातून शेजाऱ्यांना द्यावं, तर दुखवट्याच्या वर्षात परतीचं ताट रिकामंच धाडायचं असतं. खंडेराव अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथे थोडा नेला, तर प्रत्येकाच्या टेबलावर फराळाचीच पिशवी. शेवटी गेटवरच्या वॉचमनला दिला. त्याने हात जोडले, बायको गेल्याचं आत्ताच कळलं म्हणून हळहळला आणि स्वतःच्या घरचा किलोभर चिवडा त्यांच्या हातात ठेवला.

वाट सापडली ती ज्युदोच्या वर्गावर. तिथे शिकवणाऱ्या तेजस्विनी मॅडमनी चाचणीसाठी मुलींची ताकद वाढवायचा कार्यक्रम आखून दिला होता. दोरावर हातांनी चढायचं, बारवर टाकलेला टॉवेल धरून लोंबकळायचं, आणि दोन्ही हातांत वजनं धरून चालायचं. ज्युदोत समोरच्याची कॉलर ज्याच्या मुठीतून सुटत नाही तो जिंकतो, आणि मूठ अशी चालूनच पक्की होते, असं मॅडमचं म्हणणं. योगिनीसाठी प्रत्येक हातात बारा किलो. खंडेराव घरी आले, तेलाचे दोन रिकामे डबे धुऊन पुसून घेतले आणि सगळा फराळ त्यात दाबून भरला. दोन्ही मिळून चोवीस किलो भरले, अगदी ठरवून केल्यासारखे. पोरीच्या पोटात जाऊ नये ते पोरीच्या हातात गेलं. फार दिवसांनी खंडेरावांना आपण काहीतरी नीट केलं असं वाटलं.

आता माणूस तपासणी खात्यातला. नुसतं झाकण लावून त्याचं समाधान होईल कसं? दोन्ही झाकणांवर त्यांनी कारखान्यातली 'तपासले' अशी हिरवी चिठ्ठी, झाकण उघडलं की फाटेल अशी, चिकटवली आणि वर सही केली. शिवाय दर रविवारी डबे मोजायचे. घरातला काटा माणसाचा, त्यावर डबा नीट बसेना. म्हणून ते स्वतः दोन डबे दोन हातांत धरून काट्यावर उभे राहत. त्यांचे अठ्ठावन्न, डब्यांचे चोवीस, एकूण ब्याऐंशी. पहिल्या रविवारी ब्याऐंशी भरले. दुसऱ्या रविवारी ब्याऐंशी. तिसऱ्याही रविवारी ब्याऐंशीच. पोरीने शेवेच्या काडीलासुद्धा हात लावलेला नाही, हे बघून त्यांचा ऊर भरून येई.

डब्यांचं झाल्यावर योगिनीची पाळी. पूर्वी हे काम तिची आई करायची. आता सोळा वर्षांची पोर, बापाने कसं सांगायचं? वर्गाला निघताना ती जशी असेल तशीच काट्यावर उभी राहायची. खंडेराव भिंतीकडे तोंड करून आकडा विचारायचे आणि मग एकदा खात्रीपुरते वाकून बघायचे. पहिल्या रविवारी साडेत्रेपन्न आले. दीड किलो जास्त. त्यांनी दोन भाकरींची एक केली. मग एकीची अर्धी, आणि भात बंद. पोरगी हूं की चूं करायची नाही. आईवेगळं लेकरू किती समजूतदार असतं, असं वाटून त्यांना रात्री झोप लागायची नाही, पण सकाळी भाकरी मात्र अर्धीच.

त्याचा गुणही दिसत होता. सुरुवातीला डबे घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाताना योगिनी चार ठिकाणी टेकायची. महिन्याभरात ती न टेकता दोन फेऱ्या मारू लागली. खंडेराव ओट्यावरून बघत आणि शेजाऱ्यांना सांगत, "ताकद बघा कशी चढतीय." तिकडे वर्गात मॅडमना उलटंच दिसत होतं. दोरावर ही पोरगी अर्ध्यात खाली येते, चेहरा पांढरा पडतो. त्यांनी एकदा फोन करून घरी खाणं कसं आहे ते विचारलं. खंडेरावांनी दर रविवारचे आकडे वाचून दाखवले. आकड्यांपुढे मॅडम काय बोलणार?

या सगळ्या गडबडीत खंडेरावांचं स्वतःकडे लक्ष नव्हतं. जेवणाचा डबा योगिनी भरून द्यायची. तो ते दुपारी उघडायचे, समोरच्या भिंतीकडे बघत संपवायचे आणि धुऊन ठेवायचे. आत काय होतं असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पँटी कमरेत घट्ट होऊ लागल्या तेव्हा त्यांनी एवढाच अर्थ काढला, की आपल्याला कपडे धुता येत नाहीत, कापड आटतंय. बायकोच्या हातचं कधी आटलं नव्हतं. त्या विचाराने ते मोरीत कपडे पिळता पिळता थांबले.

चाचणीच्या आदल्या रविवारी डबे आणि खंडेराव मिळून ब्याऐंशी, आणि योगिनी एक्कावन्न. सगळं मापात.

चाचणी पंचवटीत होती. सकाळी थंडी मी म्हणत होती. मुलींचं वजन बंद खोलीत, बाई अधिकारी घेत होत्या; बाहेर व्हरांड्यात तसाच दुसरा काटा ज्याला त्याला आपलं आपण बघायला ठेवला होता. खंडेराव भिंतीला टेकून उभे होते. दार उघडलं आणि मॅडम बाहेर आल्या. त्यांच्यामागे यादी घेतलेल्या बाई, आणि त्यांच्यामागे खाली मान घालून योगिनी.

"काका, वजन बसत नाहीये," मॅडम म्हणाल्या.

खंडेराव भिंतीपासून पुढे झाले. "किती जास्त आहे?"

"जास्त नाही, कमी आहे. सत्तेचाळीस सहाशे. या गटाला अठ्ठेचाळीसच्या वर लागतं. नाव खालच्या गटात नाही, आणि नावं बदलायची मुदत गेली."

खंडेरावांमधला तपासणीवाला जागा झाला. तुमचा काटा चुकतोय, असं त्यांनी बाईंना शांतपणे सांगितलं. घरी एक्कावन्न भरले होते, आपण डोळ्यांनी पाहिले होते. बाई म्हणाल्या, दोन्ही काटे कालच पारखून घेतलेत. त्यावर खंडेराव बूट काढू लागले. बावीस वर्षं ते हेच करत आले होते. काट्याचा संशय आला की माहितीचं वजन ठेवून बघायचं. आपण अठ्ठावन्न आहोत, हे त्यांनी सगळ्यांना आधी सांगून ठेवलं आणि व्हरांड्यातल्या काट्यावर चढले.

काट्याने त्रेसष्ट दाखवले.

"बघा," खंडेराव म्हणाले, "पाच किलोचा फरक आहे."

बाईंनी चष्मा वर केला. "काका, म्हणजे काटा पाच किलो जास्त दाखवतोय. मग मुलीचे बेचाळीस सहाशे धरू का?"

खंडेरावांनी परत खाली आकड्याकडे बघितलं. हिशोब बरोबर होता. त्यांचाच होता.

"पप्पा, खाली या," योगिनी हळूच म्हणाली. "काटा बरोबर आहे. तुम्ही त्रेसष्टच आहात."

"मी कसा असेन? मी खातो काय एवढं?"

"शेवभाजी. रोज डब्यात असते. आणि रात्री दुधात लाडू कुस्करून देते ते."

"आणि डब्यांचं वजन? दर रविवारी ब्याऐंशी भरतंय."

"भरणारच ना. डब्यातलं तुमच्यात गेलं, बेरीज तीच राहिली. चिठ्ठ्या तुमच्या कपाटात होत्या. सही पण जमते मला."

यादीवाल्या बाईंनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना दिसत होते. मॅडम हसल्या नाहीत. खंडेराव काट्यावरून उतरले आणि तिथल्या बाकावर बसले. अठ्ठावन्न हा आकडा त्यांनी एकदा लिहिला आणि परत तपासलाच नाही. कारखान्यात नव्या पोरांना ते याच चुकीसाठी सकाळ-संध्याकाळ बोलत असत.

"आणि तू? एक्कावन्न कसे आले?"

"ते स्वेटर आणि ज्युदोचे कपडे धरून. तेच साडेतीन किलो भरतात. आई दार लावून घ्यायची, मग नुसत्या..." तिने पुढचं वाक्य सोडून दिलं.

खंडेरावांना समजलं. भिंतीकडे तोंड करून त्यांनी महिनाभर पोरीचं नव्हे, तिच्या कपड्यांचं वजन उतरवलं होतं, आणि उतरलं मात्र पोरीचं. घरात आई नसली की काय काय नसतं, ते त्यांना त्या व्हरांड्यात पहिल्यांदा कळलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. "मग बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही भाकरी कमी केलीत तेव्हा मला बरंच वाटलं. नाहीतरी घशाखाली उतरत नव्हती."

वजनाची वेळ संपायला पंचवीस मिनिटं होती. खंडेराव अनवाणीच फाटकाबाहेर पळाले आणि केळीवाल्याकडून अर्धा डझन केळी आणि पाण्याची बाटली घेऊन आले. मग महिनाभर जिला अर्धी भाकरी मोजून वाढली, तिच्यापुढे उकिडवे बसून ते एकेक केळं सोलून देऊ लागले. "खा बाळा. अजून एक. पाणी पी." तिसऱ्या केळ्याला योगिनीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. आई गेल्यापासून ती कुणाच्या देखत रडली नव्हती. ती रडत होती आणि चावत होती, आणि खंडेराव पुढचं केळं सोलत होते. त्यांना दिसत नव्हतं नीट, पण सोलत होते.

अठ्ठेचाळीस दोनशे भरले.

पहिल्या लढतीत योगिनीच्या पोटात पाणी डुचमळत होतं, तरी समोरच्या मुलीची कॉलर तिच्या मुठीतून सुटली नाही. दुसरी ती जिंकली ते खंडेरावांनी पाहिलं नाही, त्यांनी डोळे मिटले होते. शेवटची हरली. पण दुसरी आली, आणि दोघींनाच घ्यायचं होतं. दुपारी भिंतीवर यादी लागली. सोमवारी पुण्याला हजर व्हायचं होतं. मॅडमनी पेढे आणले, खंडेरावांनी लंकाबाईंना फोन करून सांगितलं. सगळं मनासारखं झालं होतं, तरी त्यांना तिथे थांबवेना. ते बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. योगिनी शेजारी येऊन बसली.

"मला कशाला खाऊ घालत होतीस गं?" त्यांनी विचारलं. "स्वतः उपाशी राहून."

ती हातावरची पट्टी सोडत होती. "आई गेल्यावर तुम्ही महिनाभर नुसत्या चहावर होतात. मी तुम्हाला तसं टाकून गेले नसते पप्पा. मी ठरवलं होतं, तुम्ही साठच्या वर गेलात तरच पुण्याला जायचं. नाहीतर मुद्दाम हरायचं."

महिनाभर आपण हिला तयार करतोय, असं खंडेराव समजत होते. आपल्यालाच कुणीतरी तयार करत होतं, एकटं राहायला, आणि आता परीक्षेत ते पास झाले होते. नापास झालो असतो तर पोरगी घरी राहिली असती, असा एक विचार त्यांच्या मनात आला. तो आल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण तो गेला नाही.

"मला करमणार नाही," ते म्हणाले.

"मला पण नाही."

मग खंडेराव तिच्याकडे वळले. "ती शेवभाजी कशी करतेस, ते सांग."

योगिनीने सांगितलं. कांदा-खोबरं भाजून वाटायचं, तेल सुटेपर्यंत परतायचं, पाणी घालून चांगलं उकळू द्यायचं. शेव आधी टाकायची नाही, नाहीतर गाळ होतो. गॅस बंद करायचा, ताट वाढून घ्यायचं आणि मग टाकायची. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. खंडेरावांना पहिल्याच वेळेला सगळं समजलं होतं.

"परत एकदा सांग," ते म्हणाले.