साटम भाऊजींची घंटी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर हातात पेन्सिलीपेक्षा घासणीच जास्त राहिली. वाचणाऱ्याला एखादा शब्द लागला नाही तर त्याने पुढच्यावर जावं. साटम भाऊजींबद्दल मात्र मला लिहायचंच आहे, कारण तोंडावर मी त्यांना कधी काही बोलले नाही.

या माणसाने आपल्या कॉटला सायकलची घंटी लावली होती. दुबईत अल क्वोजच्या कामगार कॅम्पात एका खोलीत आठ माणसं, एकावर एक लोखंडी कॉट. भाऊजींची खालची. तिला पडदा, पडद्याबाहेर पायपुसणं. कुणाला काडेपेटी हवी असली तरी आधी पाय पुसायचे, घंटी एकदाच वाजवायची आणि दोन पावलं मागे सरून उभं राहायचं. त्या खोलीत दोन पावलं सरायला जागा नव्हती, त्यामुळे माणूस मागच्या कॉटवर जाऊन बसायचा. आमचे हे त्याच खोलीत राहायचे. त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले होते.

मी तेव्हा बर दुबईत एका पुण्याच्या कुटुंबाकडे होते. स्वयंपाक, धुणं, भांडी, दोन मुलं, सगळं. राहायचे तिथेच. शुक्रवारी दोन तासांची सुट्टी मिळे, तेव्हा हे देवळाच्या गल्लीत भेटायला येत. साटम भाऊजी बरोबर असायचेच. ह्यांच्या गावचे, बिनलग्नाचे. चहाच्या टपरीवरही रुमालाने बाक पुसून मग बसणारे.

ते व्हिला साफ करणाऱ्या एका कंपनीत होते. दर शुक्रवारी त्यांचा एकच हिशेब चाले. म्हणायचे, "वहिनी, तुम्ही बाईंचा संडास घासता. महिन्याला पाचशे दिरम, म्हणजे साडेपाच हजार रुपये. मी तसाच संडास टोपी आणि हातमोजे घालून घासतो, तर कंपनी एका खेपेचे दीडशे घेते. संडास तोच. म्हणून सांगतो, काम विकू नका. थाट विका."

"त्या दीडशेतले तुला किती?" हे विचारायचे.

मग भाऊजी आणखी एक चहा सांगायचे.

थाट कुठे विकायचा तेही त्यांनी ठरवलं होतं. आफ्रिकेत. देऱ्याच्या बाजारात नीमा मॅडम नावाची दारेसलामची एक व्यापारीण पडदे आणि चादरी घ्यायला यायची. भाऊजी सुट्टीत तिची गाठोडी बांधून द्यायचे. तिच्याकडून कळलं की तिकडे नवी नवी मोठी घरं उठतायत आणि सगळ्यांना दुबईसारखं घर हवंय. भाऊजी म्हणाले, घर साफ करायला दुबईसारखी माणसं पण लागतील. नीमा मॅडम हसली. म्हणाली, माझ्या घरी दोन पोरी आणि एक चुलतबहीण झाडायला आहेत, तुला पैसे कशाला देऊ? भाऊजींनी आपल्या हिंदीत सांगितलं, मॅडम, वो घर झाडते है, हम घर को हॉटेल बनाते है.

दर तिप्पट ठेवायचा, असं त्यांचं पक्कं होतं. स्वस्त ठेवला तर लोक मोलकरीण समजतात. आणि कुणी विचारलं तर लगेच हो म्हणायचं नाही, पुढच्या आठवड्यापर्यंत जागा नाही म्हणायचं. गिऱ्हाईक एकही नसताना.

एका शुक्रवारी बाई मुलांना घेऊन बाहेर गेल्या होत्या. बाईंना विचारून भाऊजी एक पेटारा घेऊन आले, कार्पेट धुवायच्या नव्या साबणाचा नमुना दाखवतो म्हणून. बेल एकदाच वाजली. दार उघडलं तर दोन पावलं मागे उभे, पांढरे हातमोजे, बुटांवर कापडी पिशव्या. म्हणाले, तुम्ही मॅडम, सोफ्यावर बसा. त्या सोफ्याची धूळ मी रोज काढायचे, पण त्यावर कधी बसले नव्हते. मी नको नको म्हणत राहिले. ते म्हणाले, "मॅडम बसल्याशिवाय सर्व्हिस सुरू होत नाही."

बसले. अगदी कडेला. भाऊजींनी ट्रेवरून पाणी आणलं. मी उठून खिडकीकडे गेले की ते हातातलं थांबवून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. तेवढ्यात बाई परतल्या. धाकटी ओरडली, "मम्मा, शी इज सिटिंग ऑन द सोफा." बाईंनी भाऊजींना काही म्हटलं नाही. मला म्हटलं. माझ्या शुक्रवारच्या दोन तासांचा एक झाला.

तरी दारेसलामला धंदा सुरू करायला मी त्यांना पैसे उसने दिले. सहा हजार दिरम, तेव्हाचे पासष्ट-सत्तर हजार रुपये. गावी जावेकडे ठेवलेल्या माझ्या सुनीताला नर्सिंगला घालायचं होतं, त्यासाठी साठवले होते. सुनीताने दुसऱ्याची भांडी घासू नयेत, एवढंच मला आयुष्यात हवं होतं. हे म्हणाले, गावचा माणूस आहे, इन्शाल्ला सहा महिन्यांत देईल. माझ्या मनात 'नाही' होतं. ते मनातच राहिलं.

दारेसलामला पहिल्या महिन्यात तीन घरं मिळाली आणि दुसऱ्या महिन्यात तिन्ही गेली. फोनवर भाऊजी ह्यांना सांगत होते की इथल्या लोकांना थाट कळत नाही. काय झालं होतं ते मला पुढे कळलं. भाऊजींनी तिकडच्या बायकांना कामावर घेतलं आणि आपल्याला येत होतं तेच शिकवलं. मालकीण आली की थांबायचं, भिंतीकडे बघायचं, तोंड उघडायचं नाही, असून नसल्यासारखं व्हायचं. आम्ही दुबईत वर्षानुवर्षं असेच वावरलो, त्यामुळे ही उच्च प्रतीची रीत आहे असं त्यांना वाटलं. तिथे परक्या घरात पाय टाकला की आधी खुशाली विचारतात. घरची, मुलांची, तब्येतीची. न बोलता भिंतीकडे तोंड करणाऱ्या बायका बघून लोकांना वाटलं, या रागावल्यात, नाहीतर चोरी करून उभ्या आहेत.

सहा महिने गेले, वर्ष गेलं. सुनीताचा प्रवेश हुकला. पुढच्या वर्षी वय आणि पैसे दोन्हीची अडचण झाली. शेवटी मीच तिला व्हिसावर आणली. ती शारजात एका घरी काम करते. मॅडम आली की बाजूला कसं सरायचं, ते तिला मीच शिकवलं.

पैसे दिल्याच्या चौथ्या वर्षी एका दुपारी बेल वाजली. एकदाच. बाई मुलांच्या शाळेत गेल्या होत्या. दाराच्या भिंगातून पाहिलं तर साटम भाऊजी दोन पावलं मागे उभे, उन्हाळ्यात कोट घालून. मी लगेच उघडलं नाही. बराच वेळ बघत राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा बेल वाजवली नाही.

आत आले आणि उभेच राहिले. धंदा चालतोय म्हणाले. नीमा मॅडमनेच कान उपटले होते, तुझी माणसं भुतासारखी वावरतात म्हणून. तेव्हापासून बायका आधी पाव तास बसतात, घरच्यांची विचारपूस करतात, चहा दिला तर घेतात, मग कामाला लागतात. त्या पाव तासाचेही पैसे लावून दर आणखी वाढवला. आता खरोखरच पुढच्या आठवड्यापर्यंत जागा नसते. "आधी खुशाली, मग खराटा," म्हणाले आणि हसले. मी हसले नाही.

मग त्यांनी सुनीताचं विचारलं, नर्स झाली ना म्हणून. मी सांगितलं. त्यांनी हातातलं पाकीट दुसऱ्या हातात घेतलं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तिकडे एकटेच असता का. चौदा-पंधरा वर्षांच्या ओळखीत मी त्यांना विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"खोली घेतली, वहिनी. स्वतःचं दार आहे. घंटी लावली, पायपुसणं टाकलं."

"कोण येतं?"

"कामाच्या बायका येतात पगाराला. आधी विचारतात, साहेब बरे आहात का, जेवलात का." मग म्हणाले, "तसं मीच शिकवलंय त्यांना. पगारात धरलेलं आहे ते."

त्यांनी पाकीट पुढे केलं. मी सोफ्यावर जाऊन बसले. या वेळी कडेला नाही. पैसे मोजायला मला वेळ लागतो, तेवढा लागला. ते समोर उभे होते. सहा हजारांवर पाचशेची एक नोट जास्त होती. सुनीतासाठी, म्हणाले. ती मी परत केली.

"खलास?" त्यांनी हळूच विचारलं.

"खलास," मी म्हटलं. "बसा. पाणी आणते."

पाणी घेऊन आले तेव्हा ते सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते, पाय जवळ घेऊन. पैसे मात्र पूर्ण फिटले होते.