बिनबोलावता जेवणारा गुलाबराव

आमच्या केनवडच्या ग्रामपंचायतीचा शिपाई गुलाबराव दर रविवारी परक्या घरी जेवायला जात असे, आणि तेही स्वतःचं ताट काखेत मारून. बोलावणं नसे. ज्या घरात म्हाताऱ्या आईला किंवा पांगळ्या भावाला उपाशी ठेवतात असं कानावर येई, नेमकं तेच घर तो गाठी. त्या माणसाशेजारी बसकण मारून घरधन्याला हाक देई, "वाढा! आजीले वाढसान तेच मले वाढा."

दारी आलेल्याला शिळा तुकडा कोण वाढणार? आजीच्या ताटात वरण-भाकर, वर लोण्याचा गोळा पडे. तो पुन्हा येईल या धाकाने पुढचे कित्येक दिवस पडतच राही.

मी तिथला ग्रामसेवक. बहात्तरच्या दुष्काळानंतर बदलून आलेला. तक्रारींचं रजिस्टर माझ्याकडे, शिक्का माझ्याकडे, 'अकरा ते पाच' ही पाटी माझ्याच अक्षरातली. पण मी कुलूप लावलं, की लोक गुलाबरावाच्या ओट्यावर जमत. माझा नुसता जळफळाट होई.

एकदा विचारलंच, "गुलाबराव, कचेरीला वेळ असते की नाही?"

"असते ना, सायेब. पन भूक काय पाच वाजता घरी जाते?"

मग एका रविवारी मीच वही घेऊन एका घरी गेलो. म्हातारी मुलाकडे बघत म्हणाली, "सारं बेस हाय, सायेब." मी तसं लिहून घेतलं, चहा पिऊन परतलो. संध्याकाळी गुलाबराव तिच्याजवळ जेवायला बसला, तेव्हा कळलं, ती दोन दिवसांची उपाशी होती.

पुढच्या रविवारी तो माझ्याच दारात. ताटासकट!

"माय कुठं हाय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझी आई दोन्ही वेळा गरम जेवते! तक्रार कोणी केली?"

"तिनंच. परवा कागद द्याले आलो तवा."

तो सरळ मागच्या खोलीत गेला. बायकोने दोघांना वाढलं. बघतो तर आई हसत होती! माहेरच्या मारक्या बैलाची गोष्ट, जी मी जन्मात ऐकली नव्हती, ती या शिपायाला रंगवून सांगत होती. एवढा हेवा मला कधी कोणाचा वाटला नाही.

निघताना त्याला अडवलं. "जेवायला तर मिळतं तिला. मग?"

"जेवन मियते. सोबत नाही मियत. पोरगा आठ-आठ दिस खोलीत येत नाही म्हने."

"तुम्हाला बरं जमतं हो, दुसऱ्यांच्या आयांशी बोलायला!"

"सायेब, मले तं तुमचा हेवा वाटते. मी एकटा मानूस. घरी जेवाले बसलो तं समोर भिंत. म्हून सुट्टीच्या दिशी कोनाची तरी माय धुंडत फिरतो. तुमची तं घरातच हाय."

आत गेलो. आईने दाराकडे पाहिलं.

"गेला काय गुलाब? अजून थोडा बसला असता."

"मी बसतो," मी म्हणालो.