जनूनानांची ओ

जनूनाना कोणाच्याही हाकेला ओ देतात. कोणाच्याही म्हणजे अगदी कोणाच्याही. मासळीवाली चार घरं पलीकडे कुणाला तरी हाक मारते आणि आमच्या शेजारच्या ओटीवरून उत्तर येतं, "ओ! आयलो!" एकदा भावकीतल्या कुणाच्या सोबतीला ते वसईच्या कोर्टात गेले होते. शिपायानं भलत्याच आरोपीचा पुकारा केला आणि नाना "ओ!" म्हणून थेट साहेबांसमोर उभे. आपण तो नव्हे, हे पटवताना त्यांच्या नाकी नऊ आले. वर "मंग हाक कशाला मारली?" असं साहेबांनाच विचारून आले.

मला याचं कोडं पडायचं. मी वसईकडच्याच कळंबची, लग्न होऊन इथे जूचंद्रात आले. दोन्ही गावांत शिकवण एकच: पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, त्यातून भर दुपारी तर नाहीच. भूत असेल तर एकदोनदा बोलावून निघून जातं. माणूस असेल तर तिसरी हाक मारतोच. आमचे संजयराव चहालासुद्धा तिसऱ्या हाकेशिवाय उठत नाहीत. ते भुताला भिऊन की आळसानं, हे मी अजून ठरवलेलं नाही. मग त्याच गावात म्हातारे झालेले नाना असे कसे? शेजारी विचारलं तर म्हणत, "ते तसेच."

आम्ही दोघंही कामाला जातो, घर दिवसभर बंद. म्हणून संजयनं एका सिक्युरिटी कंपनीकडून भिंतीवर एक पांढरी डबी बसवून घेतली. दार-खिडकी हलली की भोंगा वाजतो. मग त्याच डबीतून कंपनीच्या कंट्रोल रूममधली मुलगी बोलते, "हॅलो, घरात कोण आहे?" आपण जागेवरून उत्तर दिलं की तिला ऐकू जातं. ती पासवर्ड विचारते. तो चुकला की गार्ड निघालाच.

आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून नानांची ओटी हातभर अंतरावर. एका दुपारी बोक्यानं खिडकीवर उडी मारली. पुढचं संभाषण कंपनीनं आम्हाला फोनवर ऐकवलं.

"हॅलो, घरात कोण आहे?"

"ओ! मी हाय!"

"आपण कोण?"

"नाना."

"पासवर्ड सांगा."

"तो संजयला म्हाईत. तो सांजचा येल. घरान कोन नाय गो बाय, तू बिनघोर रव. चावी तुलशीच्या कुंडीखाली हाय."

नायगावहून गार्ड धावत आला, तर दारात कोयता घेतलेला म्हातारा. नाना आमचं घर राखत होते. गार्डनं त्यांना चोर म्हणून धरलं, नानांनी गार्डला चोर म्हणून धरलं. शेवटी दोघं ओटीवर चहा प्यायला बसले, पण कोणी कोणाला सोडलं हे दोघांनाही नीट सांगता येईना.

असं पुन्हा पुन्हा झालं. कंपनीनं बजावलं, अनोळखी माणूस उत्तरं देत राहिला तर कनेक्शन बंद करू. संजय वैतागला. "नानांना सांग, डबीला ओ द्यायची नाही." सांगायचं मी. वाईटपणा नेहमी बायकांच्या वाट्याला.

रविवारी गेले. नाना ओटीवर जाळं विणत होते.

"नाना, ती डबी तुम्हाला हाक मारत नाही."

"मंग कोनाला मारतं?"

"घरात कोण असेल त्याला."

"घरान कोन नसतं."

हे खरंच होतं. मीच गोंधळले, आणि गोंधळले की मला राग येतो. "अहो, आपल्याकडे पहिल्या हाकेला ओ देतात का? तुम्हालाच काय एवढी घाई?"

नानांचा हात थांबला.

"मीपन नाय द्यायचो, सुनबाय," ते म्हणाले. "तुजी काकी परसात गेलती. भर दुपारची. मी हितंच जालं विनीत बसलेलो. हाक आयली. बोललो, दुपार हाय, थांबू. दुसरी आयली. मी तिसरीची वाट बगीत रायलो."

त्यांनी जाळं उगाच उलटंसुलटं केलं.

"तिसरी आयलीच नाय गो."

काकी, म्हणजे नानांची बायको, परसात पडून वारल्या, हे मला ठाऊक होतं. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. हाकांचं मात्र गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाना," मी म्हटलं, "पासवर्ड 'बोंबील' आहे. तिनं विचारलं की एवढंच सांगायचं. चावीचं नाही सांगायचं."

संजय आधी फुगला. सगळं सांगितल्यावर त्यानंच फोन करून कंपनीत नानांचं नाव घातलं. चावीची जागा मात्र बदलली.

परवा मी तापानं घरीच होते. बोक्यानं खिडकी हलवली, भोंगा वाजला. मी अंथरुणातून उठेपर्यंत डबी बोलली, "हॅलो, घरात को..."

"ओ! बोंबील!"

"ठीक आहे, नाना. सगळं बरं ना?"

"बरा हाय. तुजं जेवान झालं का?"

बाकीच्या घरांत म्हणे तिला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. आमच्या घराला दुसरी हाक मारायची वेळ तिच्यावर कधी येत नाही.