विषयपत्रिकेवर लग्न

मंगळवारी दुपारी लोर्ना स्टकीच्या स्वयंपाकघरात तिघंजण कॉफी पीत बसले होते. तिघंही हॅस्किन्स फोर्ड गावच्या कौन्सिलचे सभासद होते, पण त्या क्षणी ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. शनिवारी लोर्नाच्या मुलीचं, टेसाचं लग्न. व्हर्लिन हॅच हा नवऱ्यामुलाचा बाप. ओडेल प्रूइट चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, म्हणून त्याला बोलावलेलं. आता पाचजणांच्या कौन्सिलातले तिघं एका टेबलापाशी बसून गावाचं काही ठरवू लागले की कायद्याने ती सभाच होते, आणि सभा आधी जाहीर करावी लागते, हे ओहायोत शाळकरी पोरालाही माहीत असायला हवं. पण लग्नघरात कुणाचं डोकं ठिकाणावर असतं?

"चर्च रोडवर गाड्या एकाच बाजूला लावू," व्हर्लिन म्हणाला. "दुसऱ्या बाजूला शनिवारपुरती बंदी."

"आणि पुलापाशी कुणी लावली तर?" ओडेलने विचारलं.

"उचलून न्यायची. कौन्सिल आपलंच आहे."

"ही बैठक जाहीर कधी केली होती?" जाळीच्या दाराबाहेरून आवाज आला.

दारात वेंडेल क्रीग उभा होता, दोन्ही काखांत काकडीसारखी एकेक जाडजूड झुकिनी घेऊन. ऑगस्टात आमच्याकडे झुकिनी इतक्या येतात की लोक शेजाऱ्यांच्या दारात ठेवून पळ काढतात. वेंडेल त्याच कामाला आला होता. हा निवृत्त पोस्टमन. शर्टाच्या खिशात राज्यघटनेची छोटी प्रत कायम. अकरा वर्षांत कौन्सिलची एकही सभा त्याने चुकवली नव्हती. प्रत्येक सभेत नागरिकांना बोलायला मिळतात ती तीन मिनिटं तो पुरेपूर वापरायचा, आणि अकरा वर्षांत त्याचं कुणीही ऐकलं नव्हतं.

"वेंडेल, लग्नाचं चाललंय रे आमचं," लोर्ना म्हणाली.

"रस्ता गावाचा. बंदी गावाची. सभासद तीन. म्हणजे सभाच झाली, आणि तीसुद्धा बंद दाराआड."

"दार उघडं आहे! तू ऐकलंस ना सगळं?"

"ते माझं नशीब. बाकीच्या नऊशे लोकांचं काय? आणि शनिवारी पुन्हा तिघं एकत्र येणार. तुम्ही दोन तास एका छताखाली बसणार आणि गाड्यांबद्दल एक अक्षर काढणार नाही? चाळीस वर्षं ओळखतोय मी तुम्हाला." त्याने झुकिनी ओट्यावर ठेवल्या. "मी कोर्टात जाईन. टेसाबद्दल माझं काही नाही हं. गुणी पोर आहे."

लोर्नाने गावच्या वकिलाला फोन लावला. मर्विन टीग हा चार गावांचा मिळून एक वकील, आणि चारही गावं सांभाळताना त्याचं एकच धोरण, अंगावर काही येऊ द्यायचं नाही.

"लग्न पुढं ढकला," तो म्हणाला.

"सोमवारी आमचा जावई गॅरेट टेसाला घेऊन अलास्काला चाललाय, तटरक्षक दलात. वर्षभर येणार नाही. शनिवार गेला की गेला!"

"मग ऑर्गनवाल्याला वगळा."

"अख्ख्या गावात वाजवणारा तोच एक आहे हो!"

"मग सगळ्यात सुरक्षित उपाय सांगू का?" टीग म्हणाला. "लग्न हीच विशेष सभा म्हणून जाहीर करून टाका. मग कोण काय म्हणणार?"

बुधवारी पोस्टाच्या दारावर नोटीस लागली. शनिवार, दुपारी दोन, मेथडिस्ट चर्च. विषय एक, चर्च रोडवरील गाड्या. विषय दोन, लग्न. सभा सर्वांसाठी खुली. ही शेवटची ओळ कौन्सिलची कारकून बर्नाडेट हिने सवयीने टाकली होती.

टेसाने ती नोटीस वाचली आणि आईसमोर येऊन बसली. "आई, मी ऐंशी माणसं म्हटलं होतं. ओळखीची. मला बाकी काही नको होतं गं."

"मला माहीतंय बाळा."

"लग्नाचं जेवण आहे म्हटल्यावर सगळं गाव येईल."

"सभेला कोण येतंय? दर महिन्याला एकटा वेंडेल असतो."

शनिवारी तीनशे माणसं आली. येणारच! सभेनंतर जेवण असतं, असं गेल्या शंभर वर्षांत कधी झालं नव्हतं. शिस्त म्हणून चाळीस लोकांनी बोलण्यासाठी बर्नाडेटच्या वहीत नावं घातली. वेंडेलचा नंबर एकेचाळिसावा लागला. वही उघडली तेव्हा तो रस्त्यावरच्या गाड्या मोजत होता.

लोर्ना कौन्सिलची अध्यक्ष. फिकट जांभळ्या पोशाखात, केसांत फुलं माळून, तिने टेबलावर हातोडी आपटली. सभेची रीत म्हणून सगळे उठले आणि छातीवर हात ठेवून झेंड्याला निष्ठेची शपथ घेतली. टेसाच्या हातात फुलांचा गुच्छ होता, तिने तोच छातीशी धरला. गॅरेट गणवेशात ताठ उभा. मग नागरिकांचं निवेदन सुरू झालं.

पहिल्याने वाचनालयातली तीन पुस्तकं हटवा म्हणून सांगितलं. दुसरीने तीच तीन पुस्तकं हटवाल तर खबरदार म्हणून सांगितलं. तिसऱ्याला बंदूक घेऊन चर्चमध्ये येण्याचा त्याचा हक्क कुठे संपतो ते जाणून घ्यायचं होतं. "दारात," पास्टर म्हणाले. चौथ्याने शेजाऱ्याच्या ओसरीवरचा झेंडा फार मोठा आहे, अशी तक्रार केली. शेजारी पाचव्या नंबरवर होता. अमेरिका कुठे चालली आहे यावर एकूण अकरा जण बोलले, आणि ती अकरा दिशांना चालली होती.

"पुढच्याला किती वेळ आहे?" टेसाने हळूच विचारलं.

"तीन मिनिटं," बर्नाडेट म्हणाली. "सगळ्यांना सारखीच."

पावणेचार वाजले. बाहेर मंडपात मक्याची कणसं गार पडत होती. गॅरेटच्या कपाळावरून घाम ओघळत होता. शेवटी लोर्नाचा धीर सुटला. सव्विसाव्या वक्त्यानंतर ती म्हणाली, "उरलेले नंतर बोलतील. आधी विषय दोन घेऊ. टेसा आणि गॅरेटचं लग्न लावावं, असा ठराव मी मांडते."

"अनुमोदन," व्हर्लिन म्हणाला.

"हरकत!" मागच्या बाकावरून वेंडेल उठला. "ठराव मांडणारी मुलीची आई. अनुमोदन देणारा मुलाचा बाप. घरच्या विषयावर मत देता येत नाही. दोघांनीही बाजूला व्हायचं."

लोर्नाने वकिलाकडे पाहिलं. टीगने कपाळ पुसलं. "बरोबर आहे त्याचं."

लोर्ना उठली. व्हर्लिन उठला. टेबलापाशी ओडेल एकटा उरला. उरलेल्या दोन सभासदांपैकी एक जण गुडघा बदलून घरी पडून होता, दुसरी फ्लोरिडाला होती.

"कोरम नाही. सभेला किमान तिघं लागतात," बर्नाडेटने जाहीर केलं.

"म्हणजे?" टेसाचा आवाज चिरकला. "म्हणजे माझं लग्न नामंजूर?"

टीग पुस्तक चाळायला लागला. गॅरेटने टेसाचा हात धरला. तो घट्ट धरलेला हात लोर्नाने पाहिला, आणि त्या क्षणी तिला कौन्सिल, रस्ता, गाड्या, सगळ्याचा मनापासून संताप आला.

"वेंडेल," ती म्हणाली, "कोरम नसेल तर सभा असते का?"

"मुळीच नाही."

"मग हे तीनशे लोक इथे काय करतायत?"

वेंडेलने खिशातली प्रत काढली, उघडली, आणि न वाचताच मिटली. ते पान त्याला पाठ होतं. "शांतपणे जमलेत. तो त्यांचा हक्क आहे. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही."

"मग लग्न?"

"लग्नालाही लागत नाही," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. सभाच नाही म्हटल्यावर वक्त्यांची यादीही गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा समोर तीनशे कान होते, आणि स्वतःची तीन मिनिटं त्याने स्वतःच रद्द करून घेतली होती. तो हळूच खाली बसला.

ओडेल धावत ऑर्गनपाशी गेला. पास्टर पुढे आले आणि घाईघाईत रीतीप्रमाणे विचारून बसले, "या विवाहाला कुणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावं."

तीनशे माना मागे वळल्या. वेंडेल उठला होता. लोर्नाने पुढच्या बाकाची कड पकडली. टेसाने डोळे मिटून घेतले. आता वेंडेलचं बोलणं ऐकायला सगळे कान टवकारून बसले होते.

त्याने घटनेची प्रत खिशात परत ठेवली.

"माझी काही हरकत नाही," तो म्हणाला.

लोर्ना ढसाढसा रडायला लागली. मुलगी लांब चालली म्हणून रडतेय, असं पाहुण्यांना वाटलं.