घरतबाईंची पिवळी कचेरी

घरतबाईंच्या पर्समध्ये भिंत असायची. म्हणजे भिंतीचा पोपडा. पुरीएवढा, पिवळा, रुमालात गुंडाळलेला. बायकांच्या पर्समध्ये काय असावं याला काही शास्त्र नाही हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे, पण सरकारी इमारतीचा तुकडा घेऊन हिंडणारी बाई मी एकच पाहिली. गाडीत पास काढताना आधी तो रुमाल बाहेर यायचा, जपून मांडीवर ठेवला जायचा, आणि पास दाखवून झाला की पुन्हा आत. एकदा एका नव्या तिकीट तपासनिसाने विचारलं, "प्रसाद आहे काय, मावशी?"

"कचेरी हाय," बाई म्हणाल्या. तो बिचारा पुढच्या डब्यात निघून गेला.

पेणमधली आमची ही कचेरी गोऱ्या साहेबाच्या काळातली. कुठल्या खात्याची ते सांगत नाही. मला पेन्शन चालू आहे आणि ती चालू राहावी अशी माझी इच्छा आहे. कौलारू, बसकी इमारत, पुढे लांबलचक व्हरांडा, पिवळ्या भिंती, हिरवे दरवाजे. अशा इमारतींना ऐतिहासिक म्हणायची पद्धत पडली तेव्हा आमच्यावरही एक देखभाल समिती बसली. साहेब अध्यक्ष, बांधकामचे एक इंजिनिअर, गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक, कर्मचाऱ्यांच्या वतीने कमल घरत आणि इतिवृत्त लिहायला मी, मोरे, राहणार रोहा. समिती दर बैठकीत वडे खायची आणि इमारतीच्या दुरवस्थेबद्दल चिंता व्यक्त करायची. दोन्ही गोष्टी मी प्रामाणिकपणे नोंदवत असे, वड्यांचा उल्लेख "अल्पोपाहार" असा करून.

बाई खाडीकडच्या. आईबाप मिठागरात राबलेले, घर कासू स्टेशनवर उतरून पुढे चालत जायचं. लग्न केलं नव्हतं. काटक अंगाच्या, जाड चष्म्याच्या, आणि आवाज असा की टेबलावरून बोलल्या तर फाटकावरचा शिपाई उठून उभा राहावा. समितीत त्यांचं मत कायम एकच असायचं, "हाय तसं राहू द्या." कौलं बदलायची? हाय तशीच आणा. फाटक रुंद करायचं? हाय तसं राहू द्या. व्हरांड्यातला लाकडी बाक मोडला तेव्हा साहेबांनी हौसेने चकचकीत स्टीलच्या खुर्च्या मागवल्या. आठवड्याच्या आत बाईंनी सुतार गाठून बाक सांधून घेतला आणि होता त्या जागी, होता त्या तोंडाने मांडला. खुर्च्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या.

"अहो, लोकांना बसायला बरं वाटेल," साहेब म्हणाले.

"लोकांना सवय झालीय, साहेब."

ऑफिसात आम्ही त्यांना पुरातत्त्व म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते फक्त रंगाचं. रंग द्यायची वेळ आली की बाईंच्या अंगात यायचं. ठेकेदाराच्या आधी त्या स्वतः दुकानात जायच्या. दुकानदार रंगांचं पुस्तक उघडायचा, लेमन घ्या, मँगो घ्या, सनशाइन घ्या. बाई रुमाल सोडून पोपडा काउंटरवर ठेवायच्या. "ह्यो द्या."

तो कुठल्याच पुस्तकात नव्हता. मग बाई थेट गणपतीच्या कारखान्यात. पेणला रंगाची अडचण आली की माणसं शेवटी तिथेच जातात. तिथला म्हातारा रंगारी पीतांबर रंगवत बसलेला. त्याने पोपडा उजेडात धरला आणि म्हणाला, "बाय, ह्यापेक्षा झकास पिवळा करून देतो. पीतांबराचा."

"देवाचा नको. सरकारचा पायजे."

त्याने गेरू घातला, काळ्याचा थेंब घातला. बाई प्रत्येक नमुना आधी उन्हात वाळवून बघायच्या, मग सावलीत, मग चष्मा काढून लांबून. तेवढा वेळ कारखान्यातले गणपती अर्धवट नेसलेले उभे होते. शेवटी रंगारी वैतागून म्हणाला, "बाय, एवढा तर नवरी बघायला आलेले पण बघत नाय." पण रंग जुळला. तोच मग बादल्या भरून भिंतींना लागला आणि कचेरी पुन्हा जशी होती तशी दिसायला लागली, म्हणजे एवढा खर्च करून काहीच न केल्यासारखी.

एक साहेब आले, त्यांना सगळं क्रीम रंगाचं हवं होतं. बाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, तुमची बदली होईल. भिंत हितंच राहणार हाय." बदली खरंच झाली आणि त्यानंतर बाईंच्या बोलण्याला कचेरीत जरा वजन आलं.

आणखी एक आठवतं. सव्वीस जानेवारीला इमारतीवर तिरंगी दिवे सोडले होते. अख्खं पेण फोटो काढायला लोटलं. बाई मात्र फाटकात कपाळाला आठ्या घालून उभ्या. "वळखू येत नाय ही," त्या म्हणाल्या.

"बाई, सगळ्या गावाला माहीत आहे की ही कचेरी आहे."

"गावाला माहीत हाय हो," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन दिव्यांचं बटण बंद करून आल्या. लोक ओरडले. मीही चिडलो होतो, कारण माझा फोटो राहिला होता.

असं सगळं चालू असताना इमारतीच्या जतनासाठी खरोखर पैसा मंजूर झाला आणि पुण्याहून एक तरुण वास्तुतज्ज्ञ आले. माणूस अतिशय सज्जन. स्वतः शिडीवर चढायचे, चहा आणणाऱ्याला थँक्यू म्हणायचे. त्यांनी व्हरांड्यातल्या भिंतीचा हातभर तुकडा धारदार पातीने हळूहळू खरवडला. पिवळ्याखाली आणखी पिवळा निघाला, त्याच्याखाली फिका निळा, आणि सगळ्यात आत चुन्याचा स्वच्छ पांढरा. आम्ही सगळे भोवती जमून बघत होतो. इतकी वर्षं आम्ही ज्या भिंतीला पाठ लावून चहा प्यायलो तिच्या पोटात एवढं काही असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. घरतबाई मात्र त्या खरवडलेल्या जागेकडे एखाद्याला लागलेलं बघावं तशा बघत होत्या.

बैठकीत तज्ज्ञांनी नियम समजावून सांगितला. ऐतिहासिक इमारत जतन करायची म्हणजे तिचं मूळ रूप परत आणायचं. भिंती पांढऱ्या. दरवाजे सागाचे, त्यांच्यावरचा हिरवा ऑइलपेंट काढायचा आणि तेलपाणी करायचं. मुख्याध्यापकांना भरून आलं. साहेबांनी वडा खाली ठेवला.

"मूळ म्हंजे कधीचं?" बाईंनी विचारलं.

"बांधली तेव्हाचं."

"तवाचं बघितलेला कोण जित्ता हाय आता? कोणासाठी करताय?"

सगळे हसले. तज्ज्ञ हसले नाहीत. त्यांनी अगदी नीट सांगितलं की पिवळा रंग फार अलीकडचा आहे आणि त्याच्या आतला ऑइलपेंटचा एक थर भिंतीला श्वास घेऊ देत नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला आजही वाटतं की बरोबर होतं. बाईंनी मग आवाज खाली आणला. तो तसा खाली येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. "बरं, मागनं पांढरी करा. आतनं करा. पुढची येक भिंत आणि येक दार तेवढं ठेवा. फाटकातनं दिसतं तेवढंच." आणि त्यांनी त्या मुलाच्या वयाच्या तज्ज्ञापुढे हात जोडले.

ते गोंधळून गेले. अर्धं एक आणि अर्धं दुसरं असं करता येत नाही, असं म्हणाले. साहेबांनी हात वर करायला सांगितले. बाईंचा सोडून सगळे हात वर गेले, आणि मी लिहिलं, "ठराव बहुमताने मंजूर."

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे रोह्याच्या गाडीत बसलो. कासू आलं. बाई उठल्या नाहीत. मी म्हटलं, "बाई, कासू." त्यांनी नुसती मान हलवली. गाडी सुटली, आणि बाहेर अंधारून येत असताना त्यांनी मला नामदेवचं सांगितलं.

नामदेव हा त्यांचा धाकटा भाऊ. चांगला तिशीचा गडी, पण डोक्याने लहान राहिलेला. आईबाप गेल्यावर घरी त्याला सांभाळायला कुणी नाही, म्हणून बाई त्याला रोज कचेरीत घेऊन यायच्या. तो दिवसभर व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा. मी त्या ऑफिसात यायच्या आधीची ही गोष्ट. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, गावांची नावं लक्षात राहत नव्हती. म्हणून बाईंनी त्याला एक धडा दिला होता आणि रोज गाडीत त्याच्याकडून म्हणून घ्यायच्या. हरवलास तर कोणालाही पिवळी कचेरी विचार. पिवळी भिंत, हिरवं दार. बाकावर बस. ताय येते.

"आणि येक दिस मना अलिबागला पाठवली, निवडणुकीच्या ट्रेनिंगला," बाई म्हणाल्या. "शेजारणीला सांगून गेलेले. तिचा डोळा चुकवून हा निघाला मना शोधायला. कासूला गाडीत चढलेला बघितला लोकांनी. पेणची गाडी का रोह्याची, कोणाला सांगता येत नाय."

तेव्हापासून त्या शोधत होत्या. रोह्याला कितीदा येऊन गेल्या होत्या. स्टेशनवर, बाजारात, धाटावच्या कंपन्यांच्या गेटवर शिफ्ट सुटते तेव्हा, त्याचा फोटो घेऊन. पनवेलला, त्याच्याही पुढे. माझ्याच गावात ही बाई फोटो घेऊन उभी राहत होती आणि मला कधी दिसली नव्हती.

"मना काय करायचाय इतिहास, मोरेभाऊ," त्या म्हणाल्या. "त्याच्या डोक्यात येवढी येकच जागा हाय. कधी फिरत फिरत फाटकाशी आला आणि पांढरी दिसली, तर तो आत येणारच नाय. तसाच पुढं जाईल."

मी समितीत सांगतो म्हणालो. त्या नको म्हणाल्या. "सांगून काय? हसतील नायतर रडतील. रंग तर देणारच." रोह्याला मी त्यांना घरी चहाला चला म्हणून पुष्कळ आग्रह केला. त्या फलाटावरच परतीच्या गाडीची वाट बघत बसल्या.

कचेरी पांढरी झाली आणि खोटं कशाला सांगू, सुंदर झाली. सागाचे दरवाजे पॉलिश झाले, फीत कापली गेली, वर्तमानपत्रात फोटो आला. बाई त्याआधीच रिटायर झाल्या होत्या. समारंभाला बोलावलं होतं, आल्या नाहीत. पुढे मीही रिटायर झालो.

परवा पेन्शनच्या कामासाठी पेणला गेलो. गाडी चुकली म्हणून एसटीने पेणच्या रामवाडी स्टँडवर उतरलो आणि रिक्षावाल्याला कचेरीत चल म्हटलं. "पिवळी कचेरी काय?" तो म्हणाला.

"अरे, पांढरी होऊन दोन-तीन वर्षं झाली."

"व्हय हो, पन एक बाय येते, सगळ्या स्टँडला सांगून जाते. कोनी पिवळी विचारली तर हितंच आणून सोडायची."

फाटकातून आत गेलो तर समोरच दिसणाऱ्या पायरीवर एक बाई बसलेली. केस काळेकुळकुळीत, घट्ट वेणी, अंगावर जांभळी नायलॉनची साडी, जिची फॅशन जाऊन जमाना झाला. नवा शिपाई तिच्याकडे बघून दुसऱ्याला कोपराने ढोसत होता. मी अगदी जवळ गेलो तेव्हा ओळखलं. त्यांनी मला नाही ओळखलं.

"बाई, मी मोरे. हे काय, साठीनंतर लग्न ठरवलंत की काय?"

"मोरेभाऊ!" बाई मोठ्याने हसल्या. "बसा, बसा."

"चष्मा कुठे गेला?"

"काढून ठेवते हितं आले की. तो गेला तवा मना चष्मा नव्हता." त्यांनी साडीचा पदर सारखा केला. "ही साडी होती. केस काळे होते. भिंतीचं काय माझ्या हातात ऱ्हायलं नाय, आता त्याला वळखायला माझं तोंड तेवढं उरलंय."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी टेकलो. मी म्हटलं, "पण बाई, चष्म्याशिवाय तो आलेला तुम्हाला दिसणार कसा?"

"मना कशाला दिसायला पायजे? त्याला मी दिसले म्हंजे झालं."

एवढ्यात फाटक वाजलं. बाईंनी झटकन मान वर केली, चेहरा उन्हात धरला आणि तसाच धरून ठेवला. डोळे उगाच इकडेतिकडे फिरत होते. "कोण हाय ओ?" त्यांनी हळूच विचारलं.

मी बघितलं. "म्हातारा माणूस आहे. हातात पिशवी आहे. नाही, बाई."

"नीट बघा. म्हातारा म्हंजे, तो पण आता पन्नाशीचा व्हयल. डावा पाय जरा वढतो."

मी पुन्हा बघितलं, अगदी पायांकडे. "नाही, बाई. दुसरेच कुणी आहेत."

तो माणूस पायऱ्या चढून आत जाईपर्यंत त्यांनी चेहरा खाली घेतला नाही. माझं पेन्शनचं काम त्या दिवशी राहून गेलं. कचेरी बंद होईपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसलो आणि फाटकातून येणारा प्रत्येक माणूस कसा दिसतो ते त्यांना सांगत राहिलो.