सीतारामचा अंगठा

जुलैतल्या एका रविवारी खोपटवर चुकून ऊन पडलं, आणि ते वाया जाऊ द्यायचं नाही असं सीतारामने ठरवलं. पावसाळ्यात क्रिकेट क्लबला काम नसतं असं ज्याला वाटतं, त्याने सीतारामच्या घरी आठवडाभर राहून पाहावं. उदय क्रिकेट क्लबचं पिचवर अंथरायचं काथ्याचं मॅटिंग जूनपासून त्याच्या पॅसेजमध्ये गुंडाळी होऊन पडलेलं असे, आणि मोरीत जायचं तर घरातल्यांना खेकड्यासारखं आडवं चालावं लागे. किटबॅग दिवाणाखाली, स्टंप दाराआड छत्र्यांच्या संगतीला, आणि ओले ग्लोव्ह्ज फ्रिजच्या मागे. तिथे ऊब असते म्हणे.

"वैशू, एक टोक धर गं. गच्चीवर नेऊ, वाळेल जरा."

"बाबा, मी वाचतेय."

"वाच की. एका हाताने वाच, एका हाताने धर."

वैशालीने कुठलाच हात दिला नाही. शेवटी खालच्या मजल्यावरचा रत्नदीप आला. हा क्लबचा कॅप्टन. दोघांनी मॅटिंग गच्चीवर नेलं, पसरलं, आणि पसरून होताच पाऊस आला. भिजून दुप्पट जड झालेलं मॅटिंग उतरवताना रत्नदीप म्हणाला, "काका, हे वाळवायला नेलेलं का धुवायला?"

"धुवायचंही होतंच ते," सीताराम म्हणाला. कुठलीही हार त्याला मान्य होत नसे. तो क्लबचा सेक्रेटरी होता, अंपायर होता, स्कोअरर होता, चहावाला होता. फक्त संघात नव्हता. त्याला खेळायला कधी घेत नसत, कारण तो वाईट खेळे. हे त्यालाही माहीत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नसे.

वाटायचं ते वैशालीला. "ते तुम्हाला फुकट राबवतात, बाबा," हे ती एकदा बोलून गेली होती. कॉलेजात मराठी शिकवणारी मुलगी. बोलायची तर नेमकं बोलायची.

त्या रात्री जेवताना सीतारामने नेहमीप्रमाणे मॅच सांगायला घेतली. मोसम असला की त्या दिवशीची मॅच, नसला की जुनी. जन्मभर एसटीच्या डेपोत कंट्रोलर म्हणून माइकवर गाड्या पुकारलेल्या, त्यामुळे आवाज तोच. बॅट्समन मैदानात येताना फलाटाला लागल्यासारखा यायचा. त्याची बायको मंजुळाबाई पहिल्या ओव्हरलाच ताटं आवरायला उठायच्या. वैशालीने पाण्याच्या तांब्याला पुस्तक टेकवलेलं. सामना संपेपर्यंत तिने एकही पान उलटलं नाही, आणि एकदाही मान वर केली नाही. सीतारामने सामना जिंकून दिला, हात धुतले आणि झोपायला गेला.

सोमवारी चहा उकळून गार झाला तरी तो उठला नाही.

पुढच्या दिवसांत वैशालीला एकच गोष्ट टोचत राहिली. पुस्तकाआड ती जे करत होती ते बापाला कळलं नव्हतं. घरात आपलं कुणी ऐकत नाही, अशाच समजुतीत तो गेला. आता हे कुणाला सांगणार आणि सांगून काय होणार? निदान येत्या रविवारचा बाबांच्या पुण्यानुमोदनाचा, आदरांजलीचा कार्यक्रम तरी नीट, शांतपणे व्हावा, एवढंच तिने मनाशी धरलं. त्या एका दिवशी क्रिकेटचा ‘क’ निघता कामा नये. बाबा एक दिवस तरी फक्त आमचे.

पण सीतारामचा फोन तिच्याकडे होता. तो टुणटुणत राहायचा. सांत्वनाच्या मेसेजची पहिली ओळ वाचली की पुढचं वाचवत नसे. उत्तर तर द्यायला हवं, म्हणून ती मेसेजवर बोट दाबून धरायची. तिथे अंगठा पहिलाच यायचा. नमस्काराचे हात पार शेवटी. तेवढंही अंतर जायचं त्राण नव्हतं. ती अंगठे देत सुटली.

आता, सीतारामच्या अंगठ्याची किंमत तिला माहीत नव्हती. उदय क्रिकेट क्लबमध्ये मॅच ठरायची रीत अशी, की सगळ्यांनी दिवसभर वाटेल ते बोलावं, भांडावं, रुसावं. सीतारामचा अंगठा आला की विषय संपला. त्यावर अपील नाही. आजूबाजूच्या क्लबांनाही हे ठाऊक होतं. उत्तनच्या ग्रेगरीला तर पुरतं ठाऊक होतं.

ग्रेगरी हा कोळीवाड्यातला नाखवा आणि त्यांच्या संघाचा ऑफस्पिनर. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या, पोरं रिकामी. म्हणून मासेमारी सुरू व्हायच्या आधी दरवर्षी तो खोपटला एक मॅच खेळून जाई. सीताराम गेल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं. क्लबात कुणाला काही कळवायचं असेल तर ते काम सीतारामचं. त्यामुळे सीताराम गेल्याचं कळवायचं राहून गेलं.

ग्रेगरीचा मेसेज आला तो असा सुरू होत होता: "सीतारामशेठ, तुमची लय आठवण येते." इथवर वाचून वैशालीचे डोळे भरले, आणि रविवारी मॅच खेळायला येऊ का असं विचारणाऱ्या उरलेल्या सहा ओळींसकट तिने अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी: "मग रविवारी येतो. आम्ही चौदा. कुठे यायचा?"

एवढ्या लांबून चौदा माणसं! तिने लिहिलं, "खोपटचं समाजमंदिर. सकाळी दहा."

"जेवणाचा काय?"

"आहे."

"कपडे पांढरे का कलरचे?"

वैशाली आईला म्हणाली, "बघ ना, ख्रिश्चन माणसं, पण आपल्याकडे पांढरे घालतात हे विचारून घेतायत. माणुसकी आहे अजून." आणि तिने उत्तर पाठवलं, "पांढरेच."

रविवारी समाजमंदिरात बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या लागल्या. शेजारी सीतारामचा हार घातलेला फोटो. माणसं पांढऱ्या कपड्यांत येत होती, "जय भीम" म्हणत बसत होती. भंतेजी आसनावर आले. तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि त्यातून एक नाही, दोन नाही, चौदा माणसं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उतरली. दाराशी चपलांच्या ढिगाऱ्याशेजारी त्यांनी खिळ्यांचे बूट ओळीने काढून ठेवले. बॅटा भिंतीला टेकवल्या.

सगुणाआत्या दारावर स्वागताला होती. सीतारामची ही बहीण दिवा गावाहून आलेली. तिला क्रिकेटमधलं काही कळत नसे आणि माणसांतलं सगळं कळे.

"या, बाबा, या. उत्तनवरनं ना? पुढं बसा, पुढं. लांबून आल्यात बिचारे," म्हणत तिने सगळ्यांना पहिल्या रांगेकडे ढकललं.

ग्रेगरी गर्दी बघून चाट पडला. शेजारच्या पोराच्या कानात म्हणाला, "ट्रेव्हर, यंदा ह्यांची भरती बघ. शंभर प्लेयर! बायकापण पांढऱ्यात." आणि मग मोठ्याने, हॉलभर ऐकू जाईल असं, "सीतारामशेठ कुठं हाय? टॉस करूया ना!"

ग्रेगरीची नजर फिरत फिरत हाराच्या फोटोवर गेली. तो उघड्या तोंडाने उभा राहिला. मग हळूच खाली बसला. त्याच्यामागे बारा जण बसले, न सांगता, न विचारता.

बसला नाही तो एकटा ट्रेव्हर. अंपायर सीताराम दहाच्या ठोक्याला खेळ सुरू करतो, म्हणून हा ओपनर टेम्पोतच पॅड बांधून आला होता. पॅड बांधलेल्या माणसाला मांडी घालता येत नाही. तो एकदा उजवीकडून वाकला, एकदा डावीकडून, आणि शेवटी दोन्ही पाय थेट भंतेजींच्या दिशेने लांब करून धपकन बसला.

"पायाला काय झालं रे बाळा? प्लास्टर हाय का?" आत्याने कळवळून विचारलं.

"नाय आंटी. ओपनिंगला जायचंय."

"कुठं?"

भंतेजी शांतपणे म्हणाले, "असू द्या. शरीराला सोसेल तसं बसावं." आणि त्यांनी त्रिसरण सुरू केलं.

सगळ्यांनी डोळे मिटले, आणि त्या शांततेत वास आला. ग्रेगरी दरवर्षी सीतारामसाठी सुके बोंबील आणायचा. यंदाही आणले होते. पिशवी मांडीवर होती. बंद खिडक्या, दमट हवा, शंभर माणसं. पंचशील होईपर्यंत बोंबील हॉलभर पोचले. मागून कुणाचं तरी पोट गुरगुरलं. वैशालीने डोळे उघडून रत्नदीपकडे पाहिलं. तिच्या नजरेत जे होतं ते बघून रत्नदीपने आपले पुन्हा मिटले.

मग आदरांजलीची भाषणं. रत्नदीप कॅप्टन म्हणून उठला. तो चांगलं बोलेल असं सर्वांना वाटलं होतं, त्यालाही.

"काका गेले आणि क्लब पोरका झाला," तो म्हणाला. "म्हणजे आता प्रश्न असा आहे, की मॅटिंग कुठे ठेवायचं?"

वैशालीने कपाळावर हात मारला. पण उशीर झाला होता.

"तुझ्याकडे ठेव ना," मागून आवाज आला.

"माझ्याकडे आई आहे."

"काकांकडे पण काकी होत्या!"

"त्या सहन करायच्या रे. सगळ्यांच्या घरचे करत नाहीत."

"माझ्याकडे टू बीएचके आहे, पण बिल्डिंगला राहायची ओसी नाय भेटली अजून."

"मॅटिंगला ओसी कशाला लागते भाई?"

"गप्प बसा रे," मंजुळाबाई म्हणाल्या. एवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. "मॅटिंग आहे तिथंच राहील. मला आता सरळ चालायचं कसं ते आठवत पण नाही."

कुणी हसलं नाही. हसावंसं मात्र सगळ्यांना वाटलं. आणि त्या अवघडलेल्या क्षणी ग्रेगरी उठून पुढे आला. बोंबलाची पिशवी त्याने फोटोसमोर ठेवली, मग काही सुचून जरा बाजूला सरकवली.

"आम्ही चुकून आलो," तो म्हणाला. "माफ करा. मी शेठला मेसेज केला, शेठचा अंगठा आला. शेठचा अंगठा आला म्हंजे आम्ही येणारच."

वैशालीला आता उमगलं. चौदा माणसं तिनेच बोलावली होती, पांढऱ्या कपड्यांत, जेवायला.

"शेठ खेळाडू कसा होता ते सांगतो," ग्रेगरी म्हणाला. "बारा वर्षं झाली. तुमचा एक प्लेयर आला नाय, म्हणून शेठ अकरावा. लास्ट बॉल, चार रन पायजे, बॉलिंग माझी. शेठने काय चौका मारला! कव्हरमधनं. बॅटच्या मधोमध. असा शॉट मी परत बगितला नाय."

हॉलमध्ये बायका डोळे पुसू लागल्या. आत्या हुंदका देऊन म्हणाली, "माझा भाऊच तसा."

"कव्हरमधून नाही," वैशाली म्हणाली.

आपण हे मोठ्याने बोललो, हे तिला सगळ्यांनी मागे वळून पाहिल्यावर कळलं. पण आता थांबता येईना. चुकीची मॅच कुणी सांगितलेली तिला सोसवतच नव्हती.

"आणि बॅटला लागलाच नाही. बाबांनी बॅट फिरवली ती चेंडू येऊन गेल्यावर. चेंडू पॅडला लागून फाइन लेगला गेला. चार लेगबाय."

"आरे, चौकाच होता गो!"

"लेगबाय. अंपायरने पायाला हात लावून दाखवलं होतं. आणि तो चेंडू अडला असता, पण फाइन लेगला तुमचा जो माणूस उभा होता तो पाठ फिरवून बिडी पेटवत होता."

उत्तनच्या रांगेतल्या एका पिकल्या केसांच्या माणसाने मान खाली घातली. ट्रेव्हर पॅड कुरकुरवत त्याच्याकडे वळला. "पप्पा? तुम्ही बोललेलात उन डोळ्यांवर आला."

मग मात्र हॉल फुटला. पहिल्यांदा मंजुळाबाई हसल्या, पदर तोंडाला लावून, आणि त्या हसल्या म्हटल्यावर इतरांनाही परवानगी मिळाली. भंतेजींनी चष्मा काढून पुसला.

"मग तुझे पप्पा जिंकले कसे?" ग्रेगरी अजून सोडत नव्हता. "शेठनेच जिंकवला ना?"

"धावा पळून. चेंडू सीमेपार गेलेला तरी ते धावतच होते. चारही पळाले. कुणी थांबवलं नाही म्हणून पाचवीही पळाले."

"पाचवी? ते मला पण म्हाईत नव्हता," ग्रेगरी म्हणाला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तू होतीस मैदानात?"

"नाही."

"आलेलीस कधी? दुसऱ्या कुठल्या मॅचला?"

"कधीच नाही."

"मग तुला एवढा सगळा कुठनं म्हाईत?"

बाहेर पाऊस धरला होता; भिंतीला टेकलेल्या बॅटा भिजायला लागल्या होत्या आणि कुणीच उठत नव्हतं. वैशालीला आई दिसत होती, आत्या दिसत होती, लांब पाय करून बसलेला ट्रेव्हर दिसत होता. उत्तर ग्रेगरीला द्यायचं होतं, पण तिने तोंड फोटोकडे केलं.

"सगळ्या माहीत आहेत मला," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलेली एकूण एक मॅच, बाबा. मला फार आवडायचं ते ऐकायला."