दीड चंद्राचा पंचनामा

पृथ्वीचे वस्तुमान किती, हे समितीने ठरवण्याआधी पृथ्वीने परस्पर ठरवू नये, हा विज्ञानाचा पाया आहे.

आमच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा हा पाया हादरला. नववीतल्या स्नेहाने अनसिंग गावातल्या पाण्याच्या टाकीवरून चाळीस वेळा दगड पाडून पाहिला. वरून दगड सोडायला तिची आई रूपाबाई (तूर सोंगणीच्या मजुरीला खाडा करून), खाली मोबाइलवर वेळ धरायला स्नेहा. त्यावरून पृथ्वीची ओढ निघाली ९.६२. ओढीला पृथ्वीच्या त्रिज्येच्या वर्गाने गुणायचे, गुरुत्व स्थिरांकाने भागायचे, की पृथ्वी तोलून होते. काटा लागत नाही, हमाल लागत नाही.

पण पुस्तकात ओढ ९.८. म्हणजे स्नेहाची पृथ्वी जवळपास दोन टक्के हलकी. प्रदर्शन समितीचे अध्यक्ष मारोतराव सर. त्यांनी कॅल्क्युलेटर मागवला. तूट भरली दीड चंद्राएवढी.

एवढा ऐवज गहाळ होणे ही गंभीर बाब. रीतसर शोध झाला : मैदान, खिचडीची खोली, शौचालय (कुलूपबंद, चावी २०१९ पासून चौकशीत). पंचांनी सह्या केल्या की, शाळेच्या हद्दीत दीड चंद्र आढळून आला नाही. अर्धा जऊळक्याच्या बाजूला दिसल्याचे एकाने सांगितले, पण तो नेहमीचाच निघाला.

वाशिमला जिल्हा प्रदर्शनात जायला जागा एकच. सरांनी स्नेहाला बोलावले.

"पोरी, आकडा पुस्तकात छापून हाये. तुले मोजाले कोनं सांगतलं?"

"पुस्तकातच लिवलं हाये सर, प्रयोग करून पाहा म्हनून."

"ते तं सगळ्याच पुस्तकात लिवलेलं रायते."

दाराशी उभ्या रूपाबाई म्हणाल्या, "चाळीस खेपा चढली मी त्या टाकीवर. तुमी एक डाव चढून पाहा, सर."

सरांच्या गुडघ्याचे वैद्यकीय कारण इतिवृत्तात नोंदवण्यात आले.

जिल्ह्यावर दुसरी विद्यार्थिनी, निकिता गेली. तिने थर्माकोलच्या पृथ्वीवर पुस्तकातला आकडा चमकीने लिहिला होता. चूक शून्य टक्के, मोजणी शून्य वेळा. समितीला असा मेळ क्वचितच पाहायला मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, काही म्हणा, खरा आकडा ९.८ च आहे, पोरीचा चुकलाच. बरोबर आहे तुमचे. तुम्ही कधी मोजला?

समितीत एक जागा रिकामी आहे. अर्जाला गुडघ्याचा दाखला जोडा.